घरचा धंदा आणि अध्यक्षाची खुर्ची

चार भावांची बारा एकर जमीन. वडील गेले, वाटणी झाली, प्रत्येकाच्या वाट्याला तीन एकर आले. विहीर मात्र एकच. तेव्हा पहिले भांडण पाण्याच्या पाळीवरून. हे मी तुम्हांला सांगायला नको. पण बापाने शेताऐवजी कारखाना मागे ठेवला असता तर? भट्टी एकाला आणि लेथ दुसऱ्याला, असे करून कारखाना चालेल काय?

किर्लोस्कर घराण्याकडे या दृष्टीने पाहू या. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत. तिच्याशी झगडतच नांगर खपवावा लागला.

१९२० साली या धंद्याची ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी झाली. मर्यादित म्हणजे काय? एखाद्या मास्तरांनी कंपनीचे शंभर रुपयांचे भाग, म्हणजेच शेअर, पूर्ण पैसे भरून घेतले आणि कंपनी बुडाली, तर त्यांचे शंभर रुपये जातील. पण सावकार त्यांच्या घरादाराला हात लावू शकत नाही. दुसरे असे की, वारसांत भाग वाटले जातात, भट्टी अखंड राहते. परक्याचे पैसे आले की परक्याला हिशेबही द्यावा लागतो. कंपनीचा अध्यक्ष म्हणजे घरातला कर्ता नव्हे. तो संचालक मंडळाचा प्रमुख, आणि वर्षातून एकदा भागधारकांच्या सभेपुढे त्याला उभे राहावे लागते. अर्थात बहुतेक भाग घरातच असले, तर ही सभा किती कडक होते, हे ज्याचे त्याने ओळखावे!

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९०३ साली जन्मले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते वाडीला परतले. वाडीत पंप होऊ लागले होते. पण पंप फिरवायचा कशाने? खेड्यांत वीज नव्हती. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, ती याच गरजेतून वाढली. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती तापते. त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो आणि दट्ट्याला मागे रेटतो. मोटेचे बैल काम नसले तरी वैरण खातात, इंजिन खात नाही. मात्र बैल कर्जाचा हप्ता मागत नाहीत, हेही खरे.

त्याच १९४६ साली बंगलोरला विजेच्या मोटारींची कंपनी निघाली, तर हरिहरला लेथ करणारी त्याआधीच, १९४१ साली. धंदा वाढला, तसे बाहेरचे इंजिनिअर आणि हिशेबनीस आले. १९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले. सरकारी परवान्यांवर ते उघड टीका करीत. टीकेत तथ्य होते. पण परदेशी मालाला अटकाव करणारी सरकारी भिंत याच कारखानदारांच्या उपयोगी पडली, तिचाही विचार केला पाहिजे.

शंतनुराव १९९४ साली वारले. त्यांच्या मुलाचे निधन आधीच झाले होते. कारभार नातवांकडे आला. निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या हातांत राहिल्या आणि २००९ साली घराण्यात लेखी करार झाला. तरीही भावाभावांतला वाद न्यायालयात गेलाच. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मध्यस्थीने तोडगा काढता येतो का, ते पाहण्यास सांगितले. भांडण सुरू असताना वाडीतले पंपांचे काम मात्र थांबले नाही.