येरवडा म्हणजे फक्त भरती नव्हे

पुण्यात येरवड्याचं नाव काढलं की घरचे दचकतात. तिथे माणसाला ठेवूनच घेतात, असा समज. प्रत्यक्षात तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही (तपासणी करून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी) चालतो. पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. खर्च खासगी दवाखान्याहून बराच कमी, रांगेची तयारी मात्र हवी. जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

दाखवायचं कोणाला? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर. समुपदेशक औषध लिहून देत नाही, बोलण्यातून मदत करतो. हाडांचा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासारखंच हे, पुष्कळदा दोघेही लागतात. झोप-भूक उडाली असेल तर आधी डॉक्टर गाठावा. खासगीत जाताना नोंदणी क्रमांक खुशाल विचारावा. काहीच सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.