कॅमेऱ्याची आठवण किती दिवसांची?

दुकानात कॅमेरा बसविला की राखणीची चिंता मिटली, असे आपल्यापैकी बहुतेक व्यापारी बांधव समजतात. मीही तसाच समजत होतो.

मध्यंतरी आमच्या गोदामातून बाहेरगावच्या एका पेढीला कापडाच्या सहा गाठी गेल्या. पंचवीस दिवसांनी हिशेबाच्या वेळी ते म्हणाले, गाठी पाचच मिळाल्या. टेम्पोवाला म्हणे पाचच भरल्या, आमचा हमाल म्हणे सहा. चलनावर सही घ्यायची राहून गेली होती. तरी मी निश्चिंत होतो. दारावर कॅमेरा होता ना! यंत्र उघडले तर मागच्या अकरा दिवसांचेच चित्रण शिल्लक. गाठीचे पैसे गेलेच, पण वीस वर्षांच्या इमानदार हमालाकडे लोक संशयाने पाहू लागले, याचे दुःख अधिक झाले.

असे का होते? यंत्रातील डिस्क भरली की ते सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहिते. साधारण स्पष्ट चित्र देणारा एक कॅमेरा (2 मेगाबिट वेगाने) दिवसाला सुमारे 21 जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची डिस्क जेमतेम 11 दिवस पुरते. महिनाभर ठेवायचे तर 3 टीबी हवी. कॅमेरे वाढविले आणि डिस्क तीच ठेवली, तर दिवस तेवढेच घटतात.

मोठ्या संस्थांना मुदत ठरवून दिलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या आदेशानुसार लॉकरच्या खोलीच्या दाराचे चित्रण बँकांनी किमान 180 दिवस ठेवायचे आहे. पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली 18 महिने, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष, अशी मुदत सांगितली.

आपण आपली मुदत धंद्याच्या रीतीवरून ठरवावी. तक्रार कधी येते? गल्ल्याची चूक त्याच दिवशी कळते, पण उधारीच्या मालाची तक्रार पैसे मागितल्यावर येते. ज्याचा हिशेब तीस दिवसांनी होतो, त्याने चाळीस-पंचेचाळीस दिवसांची तजवीज करावी. निदान माल चढविण्याच्या दारावरचा कॅमेरा तरी तेवढा ठेवावा.

तक्रार येताच त्या वेळेचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावे. प्रकरण कोर्टात गेले तर नुसती नक्कल चालत नाही. जालन्याच्या निवडणूक खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की, मूळ यंत्र हजर केले नाही तर नकलेसोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र हवेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही ही अट आहे.

आज दुकान वाढविण्यापूर्वी आपल्या यंत्रातील सर्वांत जुनी तारीख कोणती, एवढे जरूर पाहा. आणि चलनावर सही घ्यायला विसरू नका. कॅमेरा विसरतो, कागद विसरत नाही.