पडद्यावरून पुन्हा वर्गात
मयूरी कांगो यांची वाटचाल आणि आपल्या लेकी

दिवसभराची पाळी संपवून बाप स्टीलच्या कारखान्यातून घरी येतो, आई शेतातून किंवा चार घरची भांडी करून परतते, आणि चूल पेटता पेटता टीव्ही सुरू होतो. जालन्याच्या वस्त्यांमध्ये हे चित्र घरोघरी दिसते. मालिका पाहता पाहता घरातली पोरगी आरशासमोर उभी राहून नायिकेची नक्कल करते. कुणी कौतुकाने हसते, कुणी रागावते. पण पडद्यावरच्या त्या बायांचे पुढे काय होते, मालिका संपल्यावर त्या कुठे जातात, पोट कशावर भरतात, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही.

म्हणूनच आज आम्ही आपल्या शेजारच्याच एका अभिनेत्रीची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. जालन्यापासून साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत वाढलेल्या या मुलीचे नाव मयूरी कांगो. हिंदी चित्रपट आणि टीव्ही मालिका गाजवून तिने ऐन उमेदीत अभिनयातून निवृत्ती घेतली, ती अमेरिकेत जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि आज एका मोठ्या जागतिक कंपनीत अधिकारपदावर आहे.

बारावीच्या वयात कॅमेरा

मयूरी कांगो यांचे वडील डॉ. भालचंद्र कांगो हे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते, कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालवलेले. आई सुजाता कांगो या रंगभूमीवरील अभिनेत्री. मयूरी यांचे शिक्षण औरंगाबादच्या सेंट फ्रान्सिस शाळेत आणि पुढे देवगिरी महाविद्यालयात झाले. घरात पुस्तके होती, नाटकाच्या तालमी होत्या आणि राजकारणाच्या चर्चाही होत्या.

दिग्दर्शक सईद अख्तर मिर्झा यांनी त्यांना ‘नसीम’ या चित्रपटासाठी विचारले, तेव्हा बारावीच्या परीक्षेमुळे त्यांनी आधी नकार दिला होता. नंतर मात्र विचार बदलला आणि त्या नसीम झाल्या. हा चित्रपट १९९५ सालचा. १९९२ सालच्या मुंबईतील एका मुस्लिम कुटुंबातली शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा यांची ही कथा आहे. आजोबांचे काम थोर शायर कैफी आझमी यांनी केले. बाहेर द्वेषाचे वातावरण तापत जाते आणि कथा ६ डिसेंबर १९९२ या दिवशी, बाबरी मशिदीच्या विध्वंसापाशी येऊन थांबते. ६ डिसेंबर हा तर आपल्या बाबासाहेबांचा महापरिनिर्वाणदिन. त्याच दिवशी संविधानाला लागलेला तो घाव या चित्रपटाने शांतपणे दाखवला. मिर्झा यांना त्यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी, १९९६ साली, महेश भट्ट यांचा ‘पापा कहते है’ आला. जुगल हंसराज आणि मयूरी कांगो ही नवी जोडी. चित्रपट फारसा चालला नाही, पण राजेश रोशन यांनी बांधलेले आणि उदित नारायण यांनी गायलेले त्यातले एक गाणे तुफान गाजले. आजही एस. टी. स्टँडवरच्या एखाद्या टपरीवर ते कानी पडते. त्यानंतर ‘बेताबी’ (१९९७), ‘होगी प्यार की जीत’ (१९९९), ‘बादल’ (२०००) हे हिंदी चित्रपट आणि ‘वंशी’ (२०००) हा तेलुगू चित्रपट त्यांनी केला.

मोठ्या पडद्याने जितके द्यायला हवे होते तितके दिले नाही, तेव्हा त्या टीव्हीकडे वळल्या. ‘नर्गिस’, ‘थोडा गम थोडी खुशी’, ‘डॉलर बहू’ अशा मालिकांत त्या दिसल्या. ‘डॉलर बहू’ ही सुधा मूर्ती यांच्या कादंबरीवरची मालिका. अमेरिकेतल्या डॉलरची भुरळ पडल्यावर घरातल्या माणसांची पारख कशी चुकते, हा तिचा विषय. २००३ साली आलेल्या ‘करिश्मा’ या बड्या खर्चाच्या मालिकेत करिश्मा कपूर यांच्यासोबत त्या होत्या. चेहरा घराघरांत ओळखीचा झालेला होता.

तिशीच्या आत निवृत्ती

अशा वेळी त्यांनी काय केले? २००३ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले, त्या अमेरिकेत न्यूयॉर्कला गेल्या आणि अभिनय सोडला. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ती लिहिण्याचे कारण नव्हते. लग्न झाले आणि नटी संसाराला लागली, असे शेकडो वेळा घडले आहे. पण मयूरी कांगो न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजात दाखल झाल्या. ज्या बाईची सही घ्यायला पोरे धावत होती, ती बाई वही-पेन घेऊन बाकावर बसली, गृहपाठ केला, परीक्षा दिल्या आणि २००७ साली एम.बी.ए. झाली. विषय होते विपणन आणि वित्त, म्हणजे माल बाजारात कसा न्यावा आणि पैशाचा हिशेब कसा राखावा.

पदवी मिळाल्यावर त्यांनी तिथल्याच जाहिरात कंपन्यांत नोकरी धरली. इंटरनेटवरच्या जाहिराती हा त्या वेळी नवा धंदा होता. तो त्या शिकत गेल्या. नंतर भारतात परतून ‘परफॉर्मिक्स’ या कंपनीच्या इथल्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. २०१९ साली गुगल इंडियाने त्यांना जबाबदारीच्या पदावर घेतले. २०२५ साली त्या ‘पब्लिसिस’ या फ्रेंच जाहिरात समूहात परतल्या आणि त्याच्या ‘ग्लोबल डिलिव्हरी’ या विभागाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. अभिनयात त्यांची आठ-नऊ वर्षे गेली, पण शिकून धरलेले काम त्याच्या दुपटीने टिकले.

पडद्यावर कुणाला ठेवायचे आणि कुणाला काढायचे, हे दुसरेच कुणीतरी ठरवते. उद्या मालिका बंद झाली की चेहऱ्याची किंमत उतरते. शिकलेली विद्या मात्र कुणाला काढून घेता येत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

न्यूयॉर्कची एक जुनी ओळख

बारूक कॉलेज ज्या शहरात आहे त्या न्यूयॉर्कशी आपले नाते शंभर वर्षांहून जुने आहे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण तिथल्या कोलंबिया विद्यापीठात गेला होता. बारूक आणि कोलंबिया दोन्ही मॅनहॅटन या एकाच बेटावर आहेत.

बारूक कॉलेजची कुळकथाही आपल्याला जवळची वाटावी अशीच आहे. १८४७ साली न्यूयॉर्क शहराने गोरगरिबांच्या मुलांना फुकट उच्च शिक्षण मिळावे म्हणून ‘फ्री अकॅडमी’ काढली. तिच्याच वाढत्या पसाऱ्यातून हे कॉलेज झाले. शिवणकाम करणारे, गोदीत हमाली करणारे, परदेशातून पोट भरायला आलेले अशा लोकांची मुले तिथे शिकून मोठी झाली. १९७६ पर्यंत तिथे फी नव्हती. सरकारी पैशातून गरिबाला शिकवले तर समाज वर येतो, याचा हा पुरावा. सरकारी शाळा-कॉलेजे ओस पाडणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

आता त्यांच्या हकीकतीतला आपल्या कामाचा भाग. मयूरी कांगो यांच्या शिक्षणात खंड पडला होता. आपल्या घरात खंड पडला की आपण म्हणतो, ‘संपलं आता.’ बाबासाहेबांचे चरित्र आठवा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, अपमान सोसावा लागला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पै पै साठवली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊन विद्यार्थी झाले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळवली. बायको-मुले होती, जबाबदाऱ्या होत्या, मागे रमाईंनी हालअपेष्टा काढल्या. तरी खंड पडला म्हणजे शिक्षण संपले, असे त्यांनी मानले नाही.

‘त्यांचे ठीक, आपले कसे?’

आमच्या काही भगिनी इथे म्हणतील, ‘ती सुशिक्षित आईबापाची लेक. तिला हे जमले. आमच्या पोरीला कोण विचारतो?’ हे म्हणणे खरे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. अभिनय चालला नाही तर परत शिकता येईल, हा आधार मयूरी कांगो यांच्या पाठीशी होता. आपली पोरगी एकदा चुकली, एकदा नापास झाली, तर दुसऱ्या महिन्यात तिच्यासाठी स्थळे पाहिली जातात. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याची लेक धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहते आणि शाळेच्या हजेरीपटावरून तिचे नाव गळते. बालविवाहाचे प्रमाण आपल्या जिल्ह्यात अजूनही मान खाली घालायला लावणारे आहे. फरक बुद्धीचा नाही. एकदा पडल्यावर पुन्हा उठण्याची सवलत कुणाला आहे आणि कुणाला नाही, एवढाच फरक आहे.

ती सवलत आपल्या लेकींना आपणच द्यायला हवी. त्यासाठी घरात इस्टेट लागत नाही. काही वाटा उघड्या आहेत, त्या माहीत असल्या म्हणजे झाले. दहावी-बारावी सुटलेल्या मुलीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. बारावीनंतर संसार सांभाळून शिकायचे असेल तर १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. कॉलेजसाठी परगावी राहायचे आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी शिकण्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिथल्या एम.बी.ए.सारख्या पदव्युत्तर अभ्यासासाठी पस्तीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणजे खंड पडलेल्यांनाही दार बंद नाही. या योजनांच्या अटी आणि तारखा बदलत असतात. त्या जालन्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारून घ्याव्यात. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर महिला मंडळाच्या चार बायांनी मिळून जावे.

कला नकोच का?

हे वाचून कुणी मुलीचा नाच-नाटकाचा हट्ट मोडून काढू नये. कलेचा तिटकारा ही आपली परंपरा नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत जे कॉलेज सुरू केले, त्याच मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. ज्या छपराखाली अभ्यास चालला, त्याच छपराखाली तोंडाला रंगही लागला.

अमेरिकेतल्या निशेल निकोल्स या काळ्या अभिनेत्रीची गोष्टही ध्यानात ठेवावी. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेत त्या अंतराळयानावरच्या अधिकारी होत्या. एका वर्षाने त्या काम सोडायला निघाल्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवले. काळी बाई मोलकरीण म्हणून नव्हे तर बरोबरीची अधिकारी म्हणून पडद्यावर दिसणे किती मोलाचे आहे, हे त्यांनी पटवून दिले. पुढे निकोल्स यांनी ‘नासा’ या संस्थेसाठी स्त्रियांना आणि वंचित समाजातल्या तरुणांना अंतराळवीर होण्याचे आवाहन करीत देश पालथा घातला. २०२२ साली त्यांचे निधन झाले. पडद्यावर आपली माणसे दिसलीच पाहिजेत, फक्त हातात दाखला आणि पदवी घेऊन दिसावीत.

म्हणून मुलगी ‘मला टीव्हीत जायचे’ म्हणाली तर तिला झिडकारू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात, भीमजयंतीच्या नाटकात तिला उभी करा. मात्र काम देतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, आणि बारावीची परीक्षा कशासाठीही बुडू देऊ नका.

आणि ज्या सुनांचे शिक्षण लग्नात राहून गेले आहे, त्यांच्या सासूबाईंना व नवऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. मयूरी कांगो यांनी एम.बी.ए. केले ते लग्नानंतर. तुमच्या घरातल्या लेकीच्या-सुनेच्या ट्रंकेत तळाशी दहावीचे गुणपत्रक असेल, ते येत्या रविवारी बाहेर काढा. विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा आणि कुणाचे शिक्षण कुठे तुटले आहे, ते एका वहीत लिहून काढा. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची सुरुवात त्या वहीतूनच होईल.

जय भीम.