बिवा तळ्याची उलटी प्रदक्षिणा

ओत्सु (जपान), ऑगस्ट

देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असावा लागतो. जपानमधल्या सर्वांत मोठ्या तळ्याला, बिवाला, सायकलवरून फेरी घालायची तर रिवाज बरोबर उलटा: पाणी कायम डाव्या हाताला. कारण साधं आहे. आपल्यासारखीच जपानमध्येही वाहनं डावीकडून चालतात. तळं डावीकडे ठेवलं की सायकलवाला काठाच्या बाजूला राहतो आणि त्याच्या नि पाण्याच्या मध्ये मोटारी येत नाहीत. या फेरीला ‘बिवाइची’ म्हणतात. अंतर साधारण 200 किलोमीटर. तरणीताठी मंडळी ती एका दिवसात उरकतात, बाकीचे वाटेत मुक्काम करतात. 2019 साली सरकारने राष्ट्रीय सायकलमार्ग म्हणून पहिले तीन मार्ग जाहीर केले, त्यांतला हा एक. रस्त्याच्या कडेला निळे बाण रंगवलेले आहेत; त्यांच्यामागून गेलं की नकाशा उघडावा लागत नाही.

यावं वसंतात किंवा शरदात, असं शिगा प्रांतातला प्रत्येक माणूस सांगतो. मी ऑगस्टमध्ये निघालो, कारण उन्हाळ्यात हा देश कसा वागतो ते मला पाहायचं होतं. नागाहामाहून पहाटे निघालं की तासभर हवा बरी असते. मग दमटपणा अंगाला चिकटतो. इथला उकाडा विदर्भाच्या कोरड्या उन्हासारखा नाही. मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारा आहे, फक्त पारा आणखी वर. 35 अंश ओलांडणाऱ्या दिवसांचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. उष्माघाताचा इशारा निघाला की गावातले भोंगे अदबशीर आवाजात सांगतात: पाणी प्या, बाहेरची कामं टाळा. भोंग्याचं हे आवाहन शेतातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचत असावं, पण ते मानत नाहीत. गळ्यात पंचा अडकवून त्यांची कामं चालू. रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या अंगात मात्र पाठीवर दोन पंखे बसवलेलं जाकीट असतं. ते वारा भरून फुगतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. दुपारपर्यंत हेवा वाटू लागतो.

सायकलवाल्याचा जीव इथे व्हेंडिंग मशीनवर टिकतो. भातशेतांच्या मधोमध, दूरवर घर नसतानाही एक मशीन उभं असतं आणि त्यात मुगिचा मिळतो, म्हणजे भाजलेल्या सातूचा थंडगार, बिनसाखरेचा चहा. एवढी मशीनं, पण शेजारी कचऱ्याची पेटी मिळेलच असं नाही. चॉकलेटचा कागद असो की केळ्याचं साल, आपला कचरा पिशवीत घालून आपल्या घरी न्यायचा. हे सांगणारी पाटी दिसत नाही, आणि काठावर कागदही दिसत नाही.

नागाहामाच्या उत्तरेला तळ्यात चिकुबु नावाचं बेट दिसू लागतं. तिथलं दैवत बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात आली. इथे तिच्या हाती वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य आहे, आणि तळ्याचं नावही त्याच वाद्यावरून, आकारावरून पडलं असं सांगतात. उलटी का होईना, आपली प्रदक्षिणा सरस्वतीला होते आहे हे ध्यानात आल्यावर पुढचा चढ थोडा सुसह्य झाला. तो चढ शिझुगाताकेचा. 1583 साली सरदार हिदेयोशीने इथली लढाई जिंकली आणि आपला धनी ओदा नोबुनागा याचा वारसा आपल्याकडे वळवला. इतिहासप्रेमींनी डोंगरावर जावं. घामाने निथळणाऱ्याला डोंगरातला जुना अरुंद बोगदाच पुरेसा असतो. आतली हवा गारेगार आणि बाहेर पडताच उजाड न झालेल्या डोंगरांत शिरलेलं निळं पाणी.

उत्तरेकडचं हे पाणी खोल आहे, सर्वांत खोल जागी 100 मीटरच्या पुढे. हिवाळ्यात वरचा थर थंड होऊन खाली बसतो आणि प्राणवायू तळापर्यंत नेतो. इथले लोक त्याला तळ्याचा दीर्घ श्वास म्हणतात. 2019 आणि 2020 अशी लागोपाठ दोन वर्षं हिवाळा ऊबदार गेला आणि तो श्वास सर्वांत खोल भागापर्यंत पोहोचलाच नाही. मोजणी सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

काइझु-ओसाकीला काठालगत काही किलोमीटर चेरीची झाडं आहेत. एप्रिलमध्ये तिथे मुंगीलाही वाट नसते. ऑगस्टमध्ये फुलं नाहीत, गर्दी नाही आणि सावली मात्र पुरेपूर. पुढे माकिनोच्या वाळूवर पोरं पोहत होती. पाण्याचा तळ दिसत होता. हे पाणी असं राहिलं त्यामागे साबणाची गोष्ट आहे.

1977 च्या मे महिन्यात बिवाचं पाणी तांबूस झालं आणि त्याला माशांसारखा वास येऊ लागला. घरोघरच्या सांडपाण्यातून पोषकद्रव्यं तळ्यात जात होती, सूक्ष्म शैवालं माजली होती, आणि त्या पोषकद्रव्यांतला एक मोठा वाटा कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फरसचा होता. कारखान्यांकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. शिगातल्या बायकांनी आपल्या मोरीकडे पाहिलं. महिला मंडळांनी सिंथेटिक पावडर सोडून साबणाकडे वळायचं ठरवलं. तळणीचं उरलेलं तेल गोळा करून त्याचा साबण करण्याची मोहीम चालली. तेव्हाचे राज्यपाल ताकेमुरा मासायोशी यांनी कायदा आणला. उत्पादकांनी विरोध केला, तरी 1 जुलै 1980 पासून फॉस्फरसयुक्त पावडर वापरायला आणि विकायलाच नव्हे, भेट द्यायलाही बंदी झाली. भेटीचं कलम वाचून मला गंमत वाटली होती. पण जपानमध्ये जुलै-ऑगस्ट हा भेटी पाठवण्याचा हंगाम, आणि वरिष्ठांना, आप्तांना पावडरीचे खोके पाठवणं तेव्हा सर्रास चालायचं. कायदा करणाऱ्यांना आपल्या लोकांच्या सवयी पक्क्या ठाऊक होत्या. पुढे कंपन्यांनी फॉस्फरसविरहित पावडर काढली आणि बऱ्याच घरांतून साबण मागे पडला, हेही सांगायला हवं. तरी 1 जुलै हा इथे अजून ‘बिवा दिन’ असतो आणि माणसं काठ झाडायला उतरतात. पाचवीतली मुलं प्रांताच्या तरंगत्या शाळेत, ‘उमिनोको’ नावाच्या जहाजावर, मुक्कामाला जातात. हा उपक्रम 1983 पासून चालू आहे.

दुपारी हारिए गावात थांबलो. डोंगरातून जमिनीखाली झिरपलेलं पाणी इथे घराघरात आपोआप वर येतं. त्याला टाकी बांधून घेतात, तिचं नाव काबाता. पहिल्या कुंडात पिण्याचं पाणी. ते ओसंडून पुढच्या कुंडात, तिथे काकड्या, टोमॅटो थंड होत पडलेले. शेवटच्या कुंडात खरकटी भांडी बुडवायची. शितं खायला तिथे कार्प मासे पोसलेले असतात. तिथून पाणी गावच्या ओढ्यात, म्हणजे पुढच्या शेजाऱ्याच्या दारात. वरच्या घराने काय सोडलं ते खालच्या घराला लगेच कळतं. ही खासगी घरं आहेत, म्हणून गावकऱ्यांनी गटागटाने माहिती देत फिरवण्याची सोय केली आहे. एकट्याने आत डोकावायचं नाही. वाटाड्या आजोबांनी बांबूच्या पेल्यातून पाणी दिलं. बाहेर रस्ता तापून मऊ झाला होता आणि पेला धरलेली बोटं गारठली होती.

काठावर पुढे जागोजाग परदेशी मासे टाकण्याच्या पेट्या दिसतात. गळाला ब्लॅक बास किंवा ब्लूगिल लागला तर तो परत पाण्यात सोडायला बंदी आहे, कारण हे मासे स्थानिक जातींची अंडी-पिल्लं फस्त करतात. त्यात निगोरोबुनाही आला. त्याला मीठ-भातात मुरवून इथे फुनाझुशी करतात. पहिल्या घासाला पंचाईत होते, नंतर चटक लागते. ब्लूगिल जपानात आणला खुद्द अकिहितो यांनी. 1960 साली, ते युवराज असताना, शिकागोच्या महापौरांनी त्यांना ते मासे भेट दिले होते. खाण्याला उपयोगी पडतील म्हणून त्यांनी ते संशोधन संस्थेकडे सोपवले. 2007 साली ओत्सुतच एका समारंभात, तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी हे जाहीरपणे सांगितलं आणि आजच्या स्थितीचं मनाला दुःख होतं, असं म्हटलं. जपानमध्ये सम्राटाने असं बोलणं ही लहान गोष्ट नव्हे.

थकलं तर दोन्ही काठांना रेल्वे आहे, पण सायकल चाकं काढून, पिशवीत पूर्ण झाकून न्यायची. स्टेशनच्या बाहेर घामाघूम माणसं निमूटपणे चाकं उतरवत बसलेली दिसतात. ओमी रेल्वेच्या काही मार्गांवर मात्र सायकल तशीच डब्यात चढवता येते.

क्योतो-ओसाकाच्या लोकांनी शिगाला खेडवळ म्हणून चिडवलं की शिगाकर ठरलेलं उत्तर देतात: ‘बिवाचं पाणी बंद करू!’ धमकी पोकळ नाही. दीड कोटीच्या आसपास माणसं हे पाणी पितात. क्योतो तर 1890 साली पूर्ण झालेल्या कालव्यावर जगतं आणि त्यापोटी शिगाला दरवर्षी कृतज्ञतेची रक्कम देतं. 1972 पासून चाललेल्या तळ्याच्या मोठ्या विकासयोजनेत खालच्या शहरांनीही खर्च उचलला. जायकवाडीच्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांची कोर्टबाजी पाहिलेल्या माणसाला हा हिशोब वाचताना जरा हेवा वाटतो.

पण तळ्यातून बाहेर पडणारी नैसर्गिक नदी एकच, सेता. तिच्यावरच्या बंधाऱ्याची फाटकं शिगाच्या हातात नाहीत, केंद्र सरकारच्या हातात आहेत. 1994 च्या उन्हाळ्यात पाऊस दगा देऊन गेला आणि पातळी नेहमीच्या खुणेखाली 123 सेंटिमीटरपर्यंत उतरली. 2013 च्या सप्टेंबरात उलट झालं. वादळी पावसात खालच्या गावांना वाचवण्यासाठी सरकारने 41 वर्षांत पहिल्यांदाच फाटकं पूर्ण बंद केली. म्हणजे शिगाकर गमतीत देतात ती धमकी त्या रात्री खरोखर अमलात आली, आणि खालची माणसं तहानेली राहिली नाहीत. पाणी चढलं ते शिगातच.