विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या रेसिंग कारचे इंजिन ऐन शर्यतीत का बंद पडते? रायगड किनाऱ्यावरील संघांनी काय तयारी करावी?

वर्षभर रात्री जागून बांधलेली गाडी स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात मैदानात उतरते. ११ किलोमीटर व्यवस्थित धावते. चालक बदलण्यासाठी थांबते आणि पुन्हा सुरूच होत नाही. विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धांमध्ये हे दृश्य नवीन नाही. यात दोष इंजिनाचा किती आणि तयारीचा किती, याविषयी…

नेमकी स्पर्धा काय असते?

अमेरिकेत १९८१ मध्ये ‘फॉर्म्युला एसएई’ स्पर्धा सुरू झाली. त्यातूनच पुढे ‘फॉर्म्युला स्टुडंट’ ही स्पर्धांची मालिका युरोपात आणि भारतात आली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक आसनी रेसिंग कार स्वतः आखायची, बांधायची आणि चालवायची, असे तिचे स्वरूप आहे. भारतात ‘फॉर्म्युला भारत’ कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. ‘सुप्रा एसएईइंडिया’ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झालेली आहे. महाराष्ट्रातून आयआयटी मुंबई रेसिंग, सोमय्याचा ओरायन रेसिंग इंडिया, डीजेएस रेसिंग असे संघ या क्षेत्रात परिचित आहेत. एकूण १,००० गुणांपैकी सर्वाधिक गुण साधारण २२ किलोमीटरच्या ‘एन्ड्युरन्स’ शर्यतीला असतात. नेमक्या याच शर्यतीत अनेक गाड्या बाद होतात.

मोटारसायकलचे इंजिन गाडीत का त्रास देते?

नियमानुसार ७१० सीसीपर्यंतचे फोर-स्ट्रोक इंजिन चालते. त्यामुळे बहुतेक संघ मोटारसायकलचे इंजिन निवडतात. भारतात केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन लोकप्रिय आहे, तर परदेशात ६०० सीसीची चार सिलिंडरची इंजिने अधिक दिसतात. अडचण वळणावर सुरू होते. मोटारसायकल वळताना आत झुकते, त्यामुळे इंजिनाच्या तळातील तेल तळातच राहते. चारचाकी झुकत नाही, त्यामुळे तेल बाजूला फेकले जाते. वळणावर गुरुत्वाकर्षणाइतकेच बल बाजूने आले, तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. मग तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते, तेलाचा दाब कोसळतो आणि बेअरिंग कोरडे घासू लागते. लांब वळणावर असे काही सेकंद घडले आणि ते दर फेरीत पुन्हा पुन्हा घडले, की इंजिन कायमचे निकामी होते. त्यासाठी तळात आडव्या पट्ट्या बसवणे, तळाचा आकार बदलणे किंवा ड्राय संप वापरणे हे उपाय आहेत. तेलाचा दाब घसरताच इंजिन बंद करणारा सेन्सर हे सर्वांत स्वस्त संरक्षण.

२० मिलिमीटरच्या छिद्राने काय होते?

वेगावर मर्यादा राहावी म्हणून पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातूनच जावी, असा नियम आहे. छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की त्यापुढे प्रवाह वाढत नाही. समुद्रसपाटीवर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम हवा इतकी येते. म्हणून कंपनीने दिलेले इंधनाचे गणित जसेच्या तसे चालत नाही, ईसीयूचे मॅपिंग नव्याने करावे लागते. येथेच किनाऱ्यावरील संघांची एक चूक होते. अलिबाग किंवा उरणच्या समुद्रसपाटीवर केलेले मॅपिंग सुमारे ४०० मीटर उंचीच्या कोइम्बतूरला तसेच नेले, तर तिथे हवेचा दाब जवळपास ५ टक्क्यांनी कमी असतो. ईसीयू हवेचा दाब मोजत नसेल, तर इंधन गरजेपेक्षा जास्त पडते. स्पार्क प्लग काळे पडतात आणि गरम इंजिन सुरू होताना कुरकुर करते. हवेच्या दाबाचा सेन्सर बसवून त्यानुसार दुरुस्ती करून घेतली, तर हा त्रास टळतो.

गरम इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

एन्ड्युरन्समध्ये निम्म्या अंतरावर चालक बदलावा लागतो आणि तेव्हा इंजिन बंद असते. इंजिनावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता कायम राहते. काही मिनिटे तापमान वाढतच जाते. इंधनाच्या नळीत वाफ धरते, आधीच दमलेली बॅटरी स्टार्टरला पुरेसा प्रवाह देत नाही. त्यात या स्पर्धांत रेडिएटरमध्ये केवळ साधे पाणी भरण्याची मुभा असते, कारण कूलंट ट्रॅकवर सांडले तर तो निसरडा होतो. त्यामुळे रेडिएटरचा आकार, त्याकडे जाणारी हवा आणि पंख्याचे काम सरावातच पारखून घ्यावे लागते. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते, यावर समाधान मानणारा संघ इथे फसतो.

खाऱ्या हवेचा काय संबंध?

बाद झालेल्या प्रत्येक गाडीत इंजिनाचे भाग तुटलेले नसतात. अनेकदा कारण एखादी सैल तार असते. किनाऱ्यावरील दमट, खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, चेसिसवरील अर्थिंगच्या जागा गंजतात. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत सेन्सर ठीक वाटतो, मात्र कंपन सुरू झाले की सिग्नल तुटतो. बंदिस्त कनेक्टर, नीट दाबून बसवलेली टोके, अर्थिंगच्या जागी खरवडून काढलेला रंग आणि त्यावर ग्रीस, एवढ्याने बराच धोका टळतो. स्पर्धेसाठी गाडी ट्रकमधून हजारहून अधिक किलोमीटर जाते. तिथे उतरवल्यावर प्रत्येक नट-बोल्ट पुन्हा तपासणे आवश्यक असते.

वेळापत्रक कसे असावे?

मोठी अडचण कॅलेंडरची आहे. रायगडात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात सहसा सत्र परीक्षा आणि फॉर्म्युला भारत जानेवारीच्या सुमारास. म्हणजे मोकळ्या जागेत गाडी पळवायला हातात राहतात ती मोजकी आठवडी सुट्टीची दिवसं. पनवेल, लोणेरे, अलिबाग परिसरातील विद्यार्थ्यांनी म्हणूनच पावसाळा इंजिनासाठी राखून ठेवणे सोयीचे. त्या काळात इंजिन स्टँडवर सुरू करणे, वायरिंग पूर्ण करणे, सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजणे, पहिल्या काही तासांनंतर तेल व फिल्टर काढून धातूचे कण आहेत का हे पाहणे, ही कामे छताखाली होतात. पाऊस ओसरला की पहिल्याच आठवड्यात गाडी चाकांवर उभी हवी. किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूचा मोह मात्र टाळावा. वाळू साखळीत आणि एअर फिल्टरमध्ये जाते, खारे पाणी लोखंड खाते आणि फिरायला आलेल्या लोकांच्या जिवाला धोका होतो. परवानगी घेतलेले बंदिस्त डांबरी मैदानच योग्य.

तयारी पूर्ण झाली हे कसे ओळखावे?

मोजमाप सोपे आहे. सरावात पूर्ण २२ किलोमीटर, मध्ये चालक बदल आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करणे, हे सलग किमान तीनदा विनाअडथळा जमले पाहिजे. दर वेळी तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज यांची नोंद ठेवावी. वळणावर दाब घसरलेला दिसला, तर तो इशारा समजून गाडी थांबवावी. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी नवे बदल बंद करावेत. फ्यूज, सेन्सर, क्लच प्लेट, रेडिएटरचे झाकण हे सुटे भाग सोबत न्यावेत. परीक्षकांसमोर गाडीचा आराखडा समजावतानाही हीच नोंदवही उपयोगी पडते. सरावात बंद पडलेले इंजिन काही शिकवून जाते, ट्रॅकवर बंद पडले तर वर्ष वाया जाते.