एक्कावन्न लाख मालगाड्या

कर्जतच्या पुढे बोरघाट चढणारी मालगाडी आठवा. पुढे इंजिनं, मागून रेटा द्यायला बँकर आणि मध्ये ५८ वाघिणी. लांबी सुमारे साडेसहाशे मीटर, माल चार हजार टनांच्या आसपास. आज आपल्याला एक अफाट मोजणी करायची आहे, आणि तिथे किलो-क्विंटल कामाला येणार नाहीत. ही अख्खी गाडी हेच आपलं माप. फक्त तिच्यात कोळसा नाही. सगळ्या वाघिणींत टीएनटी हे स्फोटक काठोकाठ भरलंय असं धरा.

६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ताकद १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटीएवढी. आपल्या मापाने चार गाड्या, त्याही पुऱ्या नाहीत. बॉम्बमध्ये युरेनियम होतं सुमारे ६४ किलो. त्यातलं किलोभरसुद्धा फुटलं नाही, आणि ऊर्जेत बदललेलं वस्तुमान तर एक ग्रॅमही भरलं नाही. एवढ्यात एक शहर संपलं. चार गाड्या! हा आकडा घट्ट धरून ठेवा, कारण पुढच्या सोळा वर्षांत तो ओळखू येणार नाही.

१९४९ मध्ये सोव्हिएत संघाने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला आणि चढाओढ सुरू झाली. अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची वाट धरली. १ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक प्रवाळद्वीपावर ‘माइक’ नावाची चाचणी झाली. ताकद १०.४ मेगाटन. मेगाटन म्हणजे दहा लाख टन, तेव्हा करा भागाकार : २,६०० गाड्या. सात वर्षांत चारांवरून सव्वीसशे! एलुगेलाब नावाचं बेट नकाशावरून गेलं. त्याच्या जागी समुद्राच्या तळात सुमारे १.९ किलोमीटर रुंद आणि ५० मीटर खोल खळगा उरला. आपल्या शेतातली वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर घ्या. त्या खळग्यातून निघालेला माल भरायला अशा जवळपास दोन लाख विहिरी लागतील. एका विहिरीला गावकऱ्यांचा अख्खा उन्हाळा जातो. इथे दोन लाख विहिरींचं खोदकाम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं.

१ मार्च १९५४, पॅसिफिकमधलंच बिकिनी प्रवाळद्वीप. ‘कॅसल ब्राव्हो’ या चाचणीकडून शास्त्रज्ञांची अपेक्षा सहा मेगाटनांची. निघाले पंधरा! म्हणजे दीड हजार गाड्या येणार म्हणून फलाटावर उभं राहावं आणि समोरून पावणेचार हजार याव्यात. नुसती चूकच सव्वादोन हजार गाड्यांची. त्या स्फोटाची राख दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली आणि बोटीवरचे सगळेच्या सगळे २३ जण किरणोत्साराने आजारी पडले. महिन्याभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं. थांबायची मात्र कोणाची तयारी नव्हती. एकट्या १९६२ सालात जगभरात पावणेदोनशेच्या वर चाचण्या झाल्या. दर दोन दिवसांना एक!

पण त्याच्या आदल्या वर्षी जे घडलं, त्याच्यापुढे हे सगळं लहान वाटतं.

३० ऑक्टोबर १९६१. आर्क्टिक महासागरातला नोवाया झेमल्या द्वीपसमूह. सोव्हिएत वैमानिक आंद्रेई दुर्नोव्त्सेव टीयू-९५ विमान घेऊन आले. पोटाखाली आठ मीटर लांब, सुमारे २७ टन वजनाचा बॉम्ब लटकलेला, कारण तो विमानाच्या पोटात मावतच नव्हता. तो पॅराशूटने सोडला, विमानाला पळून जायला वेळ मिळावा म्हणून. ताकद ५० मेगाटन. पाच कोटी टन टीएनटी. साडेबारा हजार गाड्या!

श्वास घ्या आणि या गाड्या उभ्या करून बघा. एकीला एक जोडली तर लांबी आठ हजार किलोमीटरांच्या वर जाते. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. त्यावर एका शेजारी एक असे ४२ रूळ टाका, मुंबईच्या फलाटापासून पुण्याच्या फलाटापर्यंत वाघिणींनी गच्च भरा, आणि सगळं एका क्षणात पेटू द्या. आगीचा गोळाच सुमारे आठ किलोमीटर रुंद होता. ढग साठ किलोमीटरांहून उंच चढला, म्हणजे एव्हरेस्टवर एव्हरेस्ट ठेवत सहा रचले तरी तो वरच. झगझगाट हजार किलोमीटरांवरून दिसला. मुंबईत पेटावं आणि चेन्नईतल्या माणसाने डोळ्यांवर हात धरावा! दाबाची लाट पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालताना उपकरणांनी टिपली. दूर गेलेलं विमानसुद्धा त्या धक्क्याने किलोमीटरभर खाली कोसळलं, मग सावरलं. आणि ऊर्जेत बदललेलं वस्तुमान किती? सव्वादोन किलोंच्या थोडं वर. मूळ आराखडा तर १०० मेगाटनांचा होता. तो मुद्दाम निम्म्यावर आणला होता!

मग अशी अस्त्रं शत्रूपर्यंत पोचवायची कशी? क्षेपणास्त्राने. त्याचा वेग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर. द्रुतगती मार्गाने मुंबईहून पुण्याला निघालात, तर टोलनाक्याच्या रांगेतच तुमची पंधरा मिनिटं जातात. त्या वेगाने अख्खं अंतर बावीस सेकंदांचं. एका महासत्तेच्या भूमीवरून दुसरीपर्यंत अर्धा तास. सोव्हिएत ‘टायफून’ जातीच्या एका पाणबुडीत वीस क्षेपणास्त्रं, प्रत्येकावर दहा अण्वस्त्रं. एक पाणबुडी, दोनशे शहरं. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला, तेव्हा लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांच्या हातात मोजकी मिनिटं होती. त्यांनी तो इशारा खोटा ठरवला, आणि तो खोटाच होता. आकड्यांच्या या रानात मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो हा.

आता पैसा. ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशनने मांडलेल्या हिशोबानुसार १९४० ते १९९६ या काळात अमेरिकेने अण्वस्त्रांवर केलेला खर्च १९९६ च्या किमतींनी जवळपास साडेपाच लाख कोटी डॉलर. तेव्हा डॉलर सुमारे ३५ रुपयांचा. म्हणजे १९२ लाख कोटी रुपये! त्या वर्षी आपल्या केंद्र सरकारचा सगळा खर्च होता दोन लाख कोटींच्या घरात. म्हणजे पगार, धान्य, फौज, रस्ते, कर्जावरचं व्याज धरून केंद्राचा अख्खा कारभार त्या पैशात नव्वदहून अधिक वर्षं चालला असता. वेगळं मोजायचं तर दर मिनिटाला ६५ लाख रुपये. रात्री, दिवाळीला, रविवारी, एक मिनिटही न चुकता, सलग ५६ वर्षं. आणि ही फक्त एका बाजूची वही.

अस्त्रांची संख्या १९८६ च्या सुमारास सगळं जग मिळून सत्तर हजारांच्या घरात पोचली. महाराष्ट्रातली सगळी गावं मोजली तरी पंचेचाळीस हजार भरत नाहीत.

पण अमेरिकेच्या ताकदीचा कळस त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो तिने स्वतःच पुढे जाहीर केला. १९६० साली एकट्या अमेरिकेच्या कोठारात २०,४९१ मेगाटन होते. दोन हजार एकोणपन्नास कोटी टन! जगाची लोकसंख्या तेव्हा तीनशे कोटींच्या आसपास. माणशी पावणेसात टन टीएनटी. पाळण्यातल्या बाळाच्या नावावर पावणेसात टन, नव्वदीच्या आजीच्या नावावर पावणेसात टन. आता गाड्या मोजा : एक्कावन्न लाख! एकामागे एक जोडल्या तर रांग चंद्राला भिडते, परत येते, पुन्हा जाते; अशा चार फेऱ्या पुऱ्या होऊनही अडीच लाख किलोमीटर वाघिणी उरतात. घाटातून दर दहा मिनिटांना एक गाडी सोडा, अहोरात्र, सणवार न पाळता. १ जानेवारी १९६० ला पहिली निघाली, तर शेवटची कधी? १९७० ला? नाही. २००० ला? नाही. आज या क्षणीही त्या चालूच आहेत. शेवटची गाडी घाट चढेल २०५७ साली!

आणि यातल्या किती लागणार होत्या? अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या खात्याने त्याच दशकात हिशोब केला होता : सोव्हिएत संघाची पाव लोकसंख्या आणि निम्मे कारखाने नष्ट करायला ४०० मेगाटन पुरे. ४०० मेगाटन म्हणजे एक लाख गाड्या. त्या दोन वर्षांच्या आतच संपतात. उरलेल्या पंचाण्णव वर्षांच्या, पन्नास लाख भरलेल्या गाड्यांना कुठलंच स्टेशन नव्हतं. तरी कारखाने थांबले नाहीत. पुढे मोठे बॉम्ब मोडीत निघाले, छोटे आले, पण १९६७ पर्यंत अमेरिकेने आपल्या साठ्यात आणखी साडेबारा हजार अण्वस्त्रांची भर घातली. एकूण ३१,२५५.