गुणवत्तेची परीक्षा आणि परीक्षेचा सराव

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांवर इतक्या वेळा फेकला गेला आहे की, तो कुठून आला हे पाहण्याची उसंतच त्यांना मिळाली नाही. १९८१ साली गुजरातमध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटले. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशींविरुद्ध उत्तर भारतातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दोन्ही वेळा ओरड एकच होती : गुणवत्तेचा बळी दिला जात आहे. ही गुणवत्ता म्हणजे काय, असे विचारले की परीक्षेच्या गुणांकडे बोट दाखवले जाते. म्हणून या परीक्षांकडे जरा खोलात जाऊन पाहिले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतल्या ‘सॅट’ या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेचे उदाहरण मी घेतो. तिचा इतिहास काय आहे आणि तिच्यातल्या गणिताच्या व वाचनाच्या प्रश्नांचा सराव कसा करायचा असतो, हे दोन्ही येथे सांगायचे आहे. हे दोन विषय वरवर वेगळे वाटतात. प्रत्यक्षात पहिला कळल्याशिवाय दुसऱ्याला बळ येत नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, अमेरिकन सैन्याने सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिचाचणी घेतली. त्या चाचणीत एका वनस्पती तुपाच्या छापाचे नाव देऊन ‘हे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ?’ असे विचारले होते. एका बेसबॉलपटूचे नाव देऊन तो कशासाठी प्रसिद्ध आहे असेही विचारले होते. ज्याच्या घरात ते तूप येत नव्हते, जो इटलीच्या किंवा पोलंडच्या खेड्यातून नुकताच बोटीने उतरला होता, तो या चाचणीत मंदबुद्धी ठरला. या आकड्यांवरून प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅमने १९२३ साली एक ग्रंथ लिहिला. उत्तर युरोपीय गोरे बुद्धीने श्रेष्ठ, दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले त्यांच्याहून कमी आणि काळे सर्वांत खाली, अशी त्याने उतरंड लावली. उतरंड आपल्या ओळखीचीच आहे. फक्त तिथे मनूऐवजी मानसशास्त्राचा आधार होता. याच ब्रिगहॅमच्या नेतृत्वाखाली सॅट तयार झाली. २३ जून १९२६ रोजी ८,०४० उमेदवारांनी ती प्रथम दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न सोडवायचे होते.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा ही परीक्षा जन्माला आलेली नव्हती. ते १९१६ साली तिथून निघाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१९ पासून, कोलंबियाने प्रवेशासाठी बुद्धिचाचणी वापरायला सुरुवात केली. ज्यू स्थलांतरितांच्या मुलांची संख्या आटोक्यात ठेवणे हा त्यामागचा एक हेतू होता, हे शिक्षणाच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. ज्ञानाची दारे उघडी असलेल्या ठिकाणीही चाळणी कोणासाठी लावली जाते, ते यावरून कळते.

या उतरंडीला जे उत्तर मिळाले ते अधिक महत्त्वाचे आहे. होरेस मान बाँड हे काळ्या समाजातले जेमतेम विशीचे तरुण. १९२४ साली त्यांनी ‘क्रायसिस’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस त्याचे संपादक होते. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले तेच हे ड्यू बॉईस. बाँड यांनी नवी पाहणी केली नाही. सैन्याचेच तक्ते उलगडून वाचले. उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा वर आहेत, हे त्यांनी दाखवले. बुद्धी वंशातून येत असेल तर राज्य बदलल्यावर ती बदलते कशी? बदलत होत्या त्या शाळा. १९३० साली खुद्द ब्रिगहॅमने आपले निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र मागे घेतली गेली नाही. ती वाढतच गेली.

बाँड यांनी आकडे तपासले आणि पुराव्यातून कोणता निष्कर्ष निघतो व कोणता निघत नाही हे पाहिले. म्हणजे गणित आणि वाचन. परीक्षेत ज्या दोन गोष्टी विचारतात त्याच दोन गोष्टींनी परीक्षेचा दावा मोडला. सरावाकडे पाहण्याची दृष्टी मी येथूनच घेतो.

सॅट घेणाऱ्या संस्था अनेक वर्षे सांगत होत्या की, ही परीक्षा अंगभूत क्षमता मोजते, शिकवणीने फारसा फरक पडत नाही. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्टॅन्ले कॅप्लान आपल्या शिकवणीत मुलांकडून सराव करून घेत होते आणि त्यांचे गुण वाढत होते. अखेर १९७९ साली केंद्रीय व्यापार आयोगाच्या अहवालात काही विद्यार्थ्यांचे गुण शिकवणीने वाढतात हे मान्य झाले. पुढे १९९०च्या दशकात परीक्षेच्या नावातला ‘अंगभूत क्षमता’ या अर्थाचा शब्दही गेला. आज ‘सॅट’ ही तीन अक्षरे कशाचीच आद्याक्षरे नाहीत.

एकलव्याची गोष्ट आपण अंगठ्यापासून सांगतो. ती सुरू होते सरावापासून. तो नुसता बुद्धिमान असता तर द्रोणाला त्याची भीती वाटली नसती. ज्याला शाळा नाकारली त्याने रानात सराव केला आणि तो राजपुत्राच्या पुढे गेला, हे सहन झाले नाही. म्हणून ‘पाठांतर करून, क्लास लावून गुण मिळवलेत, त्यात गुणवत्ता कसली?’ असे कोणी आपल्या मुलाला म्हणाले, तर त्याने शरमून जाऊ नये. ज्यांच्या घरात पुस्तके आहेत, ज्यांच्या जेवणाच्या पाटावरच शब्दांचा आणि हिशेबाचा सराव होतो, त्यांचा सराव दिसत नाही एवढेच. आपल्याला तो दिवा लावून, जागा शोधून, उघडपणे करावा लागतो.

आता प्रत्यक्ष सरावाकडे येऊ. आज सॅट संगणकावर होते. अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत आणि गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात जसे जमेल तसा दुसरा भाग सोपा किंवा कठीण येतो. एकूण गुण ४०० ते १६०० यांच्या दरम्यान मिळतात. २०१६ पासून चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. आपल्याकडच्या ‘नीट’मध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, तिथे अंदाज जपून करावा लागतो. तेव्हा सरावाची पहिली पायरी म्हणजे परीक्षेचा नियम वाचणे.

गणितात आपली मुले बहुधा आकडेमोडीत अडत नाहीत. वाक्याचे समीकरण करताना अडतात. एक उदाहरण घेऊ. एका वाचनालयाची वार्षिक वर्गणी १२० रुपये असून प्रत्येक पुस्तकामागे ५ रुपये द्यावे लागतात. दुसऱ्याची वर्गणी ६० रुपये असून प्रत्येक पुस्तकामागे ८ रुपये. किती पुस्तके वाचली तर दोन्हीकडचा खर्च सारखा होईल? पुस्तकांची संख्या ‘क्ष’ धरा. एकदाच द्यायची रक्कम वेगळी लिहा, पुन्हा पुन्हा द्यायची रक्कम ‘क्ष’बरोबर लिहा. १२० + ५क्ष = ६० + ८क्ष. म्हणजे ३क्ष = ६०, आणि क्ष = २०. येथे थांबू नका. २० पुस्तकांना दोन्हीकडे २२० रुपयेच होतात का ते पडताळा. अशा प्रश्नांत शेवटी ‘किती पुस्तके’ विचारले आहे की ‘किती खर्च’, हे न पाहिल्याने बरोबर गणित करूनही गुण जातो, कारण २० आणि २२० हे दोन्ही आकडे पर्यायांत ठेवलेले असतात.

चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात. आपण जिथे घसरू शकतो तिथे ते पेरलेले असतात. पगार २० टक्क्यांनी वाढला आणि मग २० टक्क्यांनी घटला, तर तो पूर्वीइतका झाला का? घाईत ‘हो’ म्हणावेसे वाटते. १०० रुपये घेऊन पाहा : आधी १२०, मग १२० चे २० टक्के म्हणजे २४ वजा, राहिले ९६. ज्याच्या घरी कोणी मजुरीचा हिशेब स्वतः तपासतो, त्याला हे लवकर समजते.

वाचनाच्या विभागात २५ ते १५० शब्दांचा एक उतारा आणि त्यावर एकच प्रश्न असतो. त्याच धर्तीचा एक उतारा मी मराठीत रचतो : ‘एका गावात नळ आल्यानंतर शाळेतील मुलींची संख्या वाढली. पाणी आणण्याचे काम कमी झाल्यामुळे मुली शाळेत येऊ लागल्या, असे काही अभ्यासक म्हणतात.’ या मताला कोणत्या माहितीने धक्का बसेल? अ) नळाचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ होते. आ) शेजारच्या गावात नळ न येताही याच काळात मुलींची संख्या तेवढीच वाढली. इ) गावातील सर्वांना नळावर पाणी भरू दिले जात नव्हते. ई) शाळेत मुलांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती.

आपल्या वस्तीतला मुलगा चटकन ‘इ’कडे वळेल. त्याने ते पाहिलेले असते, त्याच्या आईने भोगलेले असते. पण पाणी किती जणींना मिळाले हे ‘इ’ सांगत नाही. नळ मिळालेल्या घरांतल्या मुलींच्या बाबतीत अभ्यासकांचे मत तरीही टिकते. नळाशिवायही तोच बदल झाला असे सांगणारा ‘आ’ मात्र कारणावरच घाव घालतो. उत्तर ‘आ’.

येथे एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या अनुभवाला आपण साहित्यात केंद्रस्थान दिले, आणि परीक्षा सांगते की उताऱ्यात जे आहे तेवढेच धर. हा अन्याय वाटतो, आणि काही वेळा तो असतोही. सॅटमध्ये एक गाजलेला प्रश्न होता : धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, तेच कोणाचे कशाशी? उत्तर होते वल्हेकऱ्याचे होड्यांच्या शर्यतीशी, आणि त्या शर्यतीचे नाव श्रीमंतांच्या क्लबातच कानावर पडणारे. अशा जोडशब्दांच्या प्रश्नांवर बरीच टीका झाली. २००५ साली ते वगळले गेले. तो प्रश्न ज्ञान मोजत नव्हता, ओळख मोजत होता. पण वरच्या उताऱ्याचा प्रश्न तसा नाही. दिलेल्या पुराव्यातून काय सिद्ध होते, हे तो विचारतो. बाँड यांनी ब्रिगहॅमला हेच विचारले होते. अनुभव काही मिनिटे बाजूला ठेवायचा, पुसून टाकायचा नाही. हा फरक विद्यार्थ्याला समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम आहे. नाहीतर चुकलेले उत्तर पाहून त्याला वाटते की आपले जगणेच चुकले.

सरावाची खरी वही म्हणजे चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : विषय आला नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. पहिल्या कारणाला धडा पुन्हा शिकणे हा उपाय, दुसऱ्याला विचारलेली गोष्ट अधोरेखित करणे, तिसऱ्याला घड्याळ लावून बसणे. तिन्हींना एकच औषध, म्हणजे आणखी शंभर प्रश्न, दिले तर थकवा येतो, सुधारणा होत नाही. आठवड्याने चुकलेला प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवावा. आणि जो प्रश्न आला तो दुसऱ्याला समजावून सांगावा.

प्रश्नपत्रिका तयार करणारेही चुकतात, हेही मुलांना माहीत हवे. न्यूयॉर्क राज्याने १९७९ साली कायदा करून विद्यार्थ्यांना प्रश्न आणि उत्तरे पाहण्याचा हक्क दिला. प्रश्नपत्रिका हाती येऊ लागल्यावर, १९८१ साली, फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याने सॅटच्या पूर्वपरीक्षेतली चूक पकडली. सर्व बाजू सारख्या असलेले दोन मनोरे, एक त्रिकोणी तळाचा व एक चौकोनी तळाचा, त्रिकोणी पृष्ठांवर तंतोतंत जोडले तर किती पृष्ठे उघडी राहतील? चार आणि पाच मिळून नऊ, जोडलेली दोन वजा, म्हणून सात, असे परीक्षकांचे उत्तर होते. पण जोडल्यावर शेजारच्या पृष्ठांच्या दोन जोड्या एकाच पातळीत येतात, म्हणून खरे उत्तर पाच. परीक्षकांना चूक मान्य करावी लागली आणि हजारो विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. प्रश्न कागदावर दिसला म्हणून हे घडले. उत्तरतालिका मागणे हा उद्धटपणा नाही, तो विद्यार्थ्याचा हक्क आहे.

ही परीक्षा असावी की नसावी, हा वाद अमेरिकेत संपलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२०-२१ मध्ये प्रवेशासाठी सॅटचे गुण पाहणे बंद केले. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. साध्या शाळांतली हुशार मुले या गुणांमुळे ओळखता येतात, असे कारण दिले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०१५ पासून सॅटच्या सरावाचे साहित्य खान अकॅडमीमार्फत विनामूल्य मिळते. पण साहित्य फुकट झाले तरी रात्री अभ्यासाला बसायची जागा, दिवसभराच्या कामातून सुटलेला वेळ आणि शंका विचारायला माणूस या गोष्टी फुकट मिळत नाहीत.

त्या मात्र आपण उभ्या करू शकतो. विहारात, समाजमंदिरात, शाळेच्या रिकाम्या वर्गात आठवड्यातून तीन संध्याकाळी दहा मुले एकत्र बसली आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघांनी नव्या दहांना शिकवले, तर क्लासच्या फीची बरोबरी करावी लागत नाही. कार्यकर्त्यांनी मोर्चे काढावेत, राखीव जागांसाठी भांडावे, आणि त्याच बरोबर या संध्याकाळी सांभाळाव्यात. निकाल लागेल तेव्हा मुलाला एवढे सांगावे : हा आकडा तुझ्या तयारीचा आहे, तुझ्या जन्माचा नाही. कमी आला असेल तर चुकांची वही काढ, आपण पुन्हा पहिल्या पानापासून पाहू.